मुलांना कोडिंग शिकवणारा स्टार्टअप सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करून मी २०१८ साली कराडला परतले आणि एका संगणक केंद्राच्या मागच्या खोलीत सहा मुलांना घेऊन वर्ग सुरू केला. तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, बार्शी, अगदी मडगावहूनही फोन येतात. विचारणारे बहुतेक जण तरुण अभियंते, शिक्षक किंवा नोकरी सोडून घरी आलेल्या आया असतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

मुळात लहान मुलांना कोडिंग शिकवायची गरज आहे का?

आहे. पण पालकांना वाटतं त्या कारणासाठी नाही. सहावीतलं मूल आज जे शिकेल ते वापरून दहा वर्षांनी नोकरी मिळेल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. दहा वर्षांत साधनं पार बदललेली असतील.

लहान मुलांसाठी संगणकाची भाषा ही कल्पना १९६७ची आहे. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी अमेरिकेत लोगो नावाची भाषा तयार केली. तिच्यातलं कासव पुढे जातं, वळतं आणि मागे रेघ ओढतं. पेपर्टचं म्हणणं असं, की कासवाला शिकवता शिकवता मूल स्वतःच्या विचाराकडे बघायला शिकतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सातवीतल्या एका मुलीला कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायचा होता. शाळेत शिकलेलं तिच्या लक्षात होतं, प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणून तिने लिहिलं: पुढे १००, ६० वळ, असं तीनदा. पडद्यावर अर्धवट उघडी वाटी आली. तिने आकडे तपासले, पुन्हा चालवलं, पुन्हा वाटीच. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ती उठली आणि फरशीवर स्वतःच चालायला लागली. तीन फरश्या पुढे गेली, थांबली आणि वळताना तिच्या लक्षात आलं की आपण आतल्या कोनाएवढं वळत नाही, बाहेरच्या कोनाएवढं वळतो. "ताई, १२० पाहिजे!" बाह्यकोन तिच्या पुस्तकात होता, पण त्या दिवशी तो तिच्या पायांना कळला. अशा दिवसांसाठी हा उद्योग करायचा.

सरकारी धोरणात याला जागा आहे का?

आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. सीबीएसईच्या शाळांत कोडिंगचे छोटे कौशल्य अभ्यासक्रम आले, नववीपासून एआय हा कौशल्यविषय २०१९ मध्येच सुरू झाला. राज्य मंडळाच्या मराठी शाळांमध्ये चित्र फार वेगवेगळं आहे. कुठे हौशी शिक्षकाच्या जिवावर सगळं चालतं, कुठे संगणकावर कापड टाकून ठेवलेलं असतं. धोरणात लिहिलंय म्हणजे शाळा तुम्हाला बोलावतील, या समजात राहू नका.

कोणत्या वयापासून घ्यायचं?

आम्ही तिसरीच्या खाली घेत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर हे टॅबवरचं चांगलं साधन आहे, पण त्या वयात मुलांनी मातीत खेळलेलं मला जास्त आवडतं आणि पालकांना मी तसं सांगतेही. चौथी ते सहावी हा सगळ्यात रसाळ काळ. आठवीनंतर मूल पटकन शिकतं, पण नववी, मग दहावी असं करत वेळ निसटतो. दहावीच्या वर्षी मुलं सोडून जातात हे गृहीतच धरा.

सुरुवात स्क्रॅचने करायची की पायथनने?

साधारण बारा वर्षांपर्यंत स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा. ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते. आमच्याकडे नेट दुपारी दोनला हमखास जातं, त्यामुळे ती आवृत्ती प्रत्येक मशीनवर टाकून ठेवली आहे.

काही पालकांना ठोकळे जोडणं म्हणजे खेळ वाटतो. "खरं कोडिंग कधी?" असं ते दुसऱ्याच आठवड्यात विचारतात. त्यांना वर्गात बसवून घ्या. स्क्रॅचमधली मांजर डावीकडे उजवीकडे पळवायची, हा अगदी पहिल्या तासाचा धडा. मांजर उजव्या कडेला आपटते, मागे वळते आणि डोकं खाली पाय वर करून चालायला लागते. दरवर्षी, प्रत्येक बॅचला हे होतं. शिक्षकाने लगेच "फिरण्याची पद्धत डावी-उजवी कर" असं सांगितलं की मांजर सरळ होते आणि धडा मरतो. मुलाला विचारायचं, मांजर उलटी का झाली असेल? कोणी म्हणतं तिला चक्कर आली, कोणी म्हणतं ती १८० अंशात फिरली. त्या दुसऱ्या मुलाला पुढे बोलावून स्वतःभोवती फिरायला सांगायचं, मग हातातली वही फिरवायला सांगायची. दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं म्हणजेच वर्ग.

पायथन ही टाइप करून लिहायची भाषा आम्ही सातवी-आठवीत घेतो, थॉनी या साध्या एडिटरमध्ये. पहिला महिना फक्त कासव, म्हणजे पायथनमधलंच टर्टल. स्क्रॅचवरून आलेल्या मुलांना लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, आधीच माहीत असतं, फक्त टायपिंग आणि ओळी आत सरकवणं नवं असतं. टायपिंगचा कंटाळा फार मोठा शत्रू आहे. रोज दहा मिनिटं टायपिंगचा सराव द्या.

मराठीतून शिकवता येतं का? पालक तर इंग्रजी मागतात.

येतं आणि शिकवावंच. कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, इंग्रजीत राहतील, ते वीस-पंचवीस शब्द आहेत, मूल ते चित्रासारखे ओळखायला शिकतं. विचार मात्र मराठीत झाला पाहिजे. 'जर गुण दहापेक्षा जास्त असतील तर खेळ थांबव' हे वाक्य मुलाने आधी तोंडाने म्हणायचं, वहीत लिहायचं, मग पडद्यावर आणायचं.

अनेकांना माहीत नसतं की पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या जागेला, देवनागरी नाव देता येतं. 'गुण', 'वेग', 'वय' ही नावं बिनतक्रार चालतात. स्क्रॅचमध्येही चालतात. आणखी एक गंमत आहे. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर पायथन चूक दाखवतो, पण वापरणाऱ्याने '१२' असं टाइप केलं आणि तुम्ही त्याचं पूर्णांकात रूपांतर केलं तर त्याला ते बारा म्हणून समजतं. आमच्या एका मुलाने आजोबांसाठी दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम केला. आजोबांनी मराठी कीबोर्डवरून लिटर भरले आणि उत्तर बरोबर आलं. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

शब्दांबाबत एक अडचण लक्षात ठेवा. मराठी माध्यमाच्या मुलाला बीजगणितातला 'चल' कळतो, सेमीच्या मुलाला 'व्हेरिएबल' कळतं, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी संज्ञा परक्या वाटतात आणि एकाच बॅचमध्ये तिघं असतात. आम्ही 'डबा' म्हणतो. डब्यावर नाव लिहायचं, आत एकच वस्तू राहते, नवी टाकली की जुनी जाते. दोन महिन्यांनी मुलं आपसूक व्हेरिएबल म्हणायला लागतात.

किती संगणक लागतील? नवे घ्यायचे का?

पहिल्या वर्षी नवं काही घेऊ नका. आठ मुलांच्या बॅचला आठ मशीन आणि एक राखीव, बस्स. कंपन्यांमधून निघालेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप स्क्रॅच आणि पायथनला पुरतात. बॅटरी तपासून घ्या, कारण वीज गेल्यावर वर्ग चालू राहणं तिच्यावर अवलंबून आहे.

त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे तुमच्या तालुक्यातलं एमएस-सीआयटीचं केंद्र. एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने संगणकाचा हा प्राथमिक अभ्यासक्रम २००१च्या सुमारास आणला आणि महाराष्ट्रात लहान लहान गावांपर्यंत संगणकांच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच केंद्रांत काही तास मशीन रिकामी असतात. केंद्रचालकाशी तासावर भाडं ठरवा. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली आणि त्या केंद्रचालक काकांमुळेच पालकांचा विश्वास बसला, कारण त्यांना सगळा पेठ भाग ओळखत होता.

पुढे जमलं तर चार-पाच मायक्रोबिट घ्या. तळहातात मावणारी ही छोट्या संगणकाची पाटी बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटली होती. २५ छोटे दिवे, दोन बटणं आणि हलवलेलं ओळखणारा सेन्सर. आमच्या मुलांनी तिच्यावर फासे बनवले. गणपतीत घरोघरी सापशिडी त्याच फाशांनी खेळली गेली.

शिक्षक कुठून आणायचे?

या धंद्यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बाकी सगळं विकत मिळतं.

माझी सुरुवातीची चूक सांगते. मी उत्तम प्रोग्रॅमर शोधत होते. एक फार हुशार मुलगा मिळाला, ताजा अभियंता. मुलाचं कोड अडलं की तो माउस हातात घ्यायचा, पाच सेकंदांत चूक दुरुस्त करायचा आणि पुढच्या मुलाकडे जायचा. मुलं खूश, पालक खूश, सगळ्यांचे प्रोजेक्ट पूर्ण. तीन महिन्यांनी मी एका बॅचला कोऱ्या पानावरून साधा खेळ करायला सांगितला आणि आठांपैकी सहा मुलांना पहिला ठोकळा कुठून घ्यायचा ते समजेना. दोष त्याचा नव्हता. मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच कडक नियम आहे: शिक्षकाने मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, प्रश्न विचारायचा, पण हात पाठीमागे. नव्या शिक्षकाला पहिले दोन आठवडे हे फार जड जातं.

आता आम्ही डीएड, बीएड झालेल्या आणि तीन-चार तास मोकळ्या असलेल्या बायकांना घेतो आणि त्यांना कोडिंग शिकवतो. उलट करण्यापेक्षा हे लवकर जमतं. सहा आठवडे त्या मुलांच्या शेजारी बसून तोच अभ्यासक्रम करतात. आमची सगळ्यात चांगली शिक्षिका आधी बालवाडी चालवायची. तिने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिला लूप लिहिला. मुलाची चिडचिड कधी वाढतेय हे तिला त्याच्या खांद्यावरून कळतं. ते मला अजून कळत नाही.

पगार वेळेवर द्या, मे महिन्यातही द्या. शिक्षक वर्षात दोनदा बदलला तर मुलं गळतात.

फी किती ठेवायची? हिशेब जुळतो का?

तालुक्याच्या गावाचं एक उदाहरण मांडते. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. आठ मुलांची बॅच, आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, महिन्याला प्रत्येकी १,२०० रुपये. अशा सहा बॅच भरल्या तर ४८ मुलं, जमा ५७,६००. खर्च असा: भाडं ९,०००, दोन अर्धवेळ शिक्षिका ३०,०००, वीज आणि नेट ३,५००, मशीनची झीज आणि दुरुस्ती ४,०००, छपाई आणि किरकोळ ३,०००. एकूण ४९,५००. हातात ८,१०० राहतात आणि त्यात तुमचा पगार धरलेला नाही.

आता मुलं ४८ ऐवजी ३४ झाली असं धरा. जमा ४०,८००, म्हणजे ८,७०० खिशातून. वार्षिक परीक्षेच्या आधी आणि लग्नसराईत हे होतंच. म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका. मी सोडली होती आणि दुसऱ्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या पगारातून भाडं भरलं.

हिशेब सुधारतो तो तीन ठिकाणी: शाळांशी करार, मे आणि दिवाळीच्या सुट्टीतली शिबिरं, आणि जुनी मुलं टिकणं. बॅचमध्ये आठाची पंधरा मुलं करून सुधारतो असं कागदावर दिसतं, पण पंधरा मुलांत हात पाठीमागे ठेवून शिकवता येत नाही. तो मोह टाळा.

वर्षाची फी एकदम घेऊ नका. महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची घ्या. पालकांना कर्जाचे हप्ते करून द्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

जाहिरातीत काय लिहायचं?

जे वर्गात होतं तेच. 'तुमचं मूल तीन महिन्यांत स्वतः एक खेळ बनवेल आणि तो कसा चालतो ते तुम्हाला समजावून सांगेल.' आमच्या पत्रकावर एवढंच वाक्य असतं आणि आम्ही ते पाळतो.

या क्षेत्रात काय घडलं ते नव्या माणसाने विसरू नये. मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी २०१८ मध्ये सुरू झाली, दोनच वर्षांत, ऑगस्ट २०२० मध्ये, बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या मोठ्या कंपनीने ती ३० कोटी डॉलरला विकत घेतली. टाळेबंदीत घरोघरी मोबाइलवर त्यांच्या जाहिराती होत्या. मूल कोडिंग शिकलं की कोट्यवधींची नोकरी, ॲप विकत घ्यायला गुंतवणूकदार दारात, असा त्यांचा सूर होता. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि त्याच वर्षी पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०२४ मध्ये बायजूजची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

त्याचा फटका आम्हा लहानांनाही बसला. त्यानंतरची दोन वर्षं पालक मला पहिल्याच भेटीत विचारायचे, "ताई, पैसे परत मिळतात ना?" त्यांचं चुकलं नव्हतं. एका आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं की एका ऑनलाइन क्लासच्या माणसाने तिला फोनवर ऐकवलं, 'शेजारच्यांनी घेतलं, तुम्ही मुलाला मागे ठेवताय.' तिने सोनं गहाण ठेवून फी भरली होती. आईबापाच्या भीतीवर धंदा उभा करायचा नाही, ही शपथ मी त्या दिवशी घेतली. फोनवर विक्री करणारी माणसं आम्ही कधीच ठेवली नाहीत.

मोफत डेमो ठेवायचा का?

हो, पण तयार प्रोजेक्टची तीन बटणं दाबून 'बघा, तुमच्या मुलाने गेम बनवला' असला नाही. नेहमीच्याच बॅचमध्ये नव्या मुलाला बसवा आणि पालकांना मागच्या बाकावर. त्यांना मूल अडताना दिसू द्या. अडल्यावर ते काय करतं, हेच त्यांना बघायचं असतं.

शाळेत जाऊन शिकवावं की स्वतःचा वर्ग चालवावा?

दोन्ही, पण स्वतःचा आधी. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं आणि वीस मशीन, त्यांतली पाच बंद. तिथे टिकायला आधी अभ्यासक्रम तुमच्या हातात मुरलेला हवा.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर वाट सोपी होते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या प्रयोगशाळा आल्या, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळायचं. साहित्य असतं, वेळ देणारा माणूस नसतो. मुख्याध्यापकांना भेटा आणि पहिली दोन सत्रं मोफत द्या. तिसऱ्याचे पैसे मागायला लाजू नका. शाळांकडून बिल वसूल व्हायला वेळ लागतो, तो धरूनच करार करा.

मशीनच नसतील तर संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवा. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी पत्ते, दोऱ्या आणि कार्डांनी शिकवायची पद्धत रुजवली. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सीएसपाठशाला हा उपक्रम आपल्याकडे तेच काम करतो आणि लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली बेब्रास ही तर्ककोड्यांची स्पर्धाही भारतात घेतो. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही व्हरांड्यात खडूने जाळं आखून मुलांनाच क्रमवारी लावायला लावली. दोन मुलं समोरासमोर यायची, उंची बघायची, उंच मूल उजवीकडे सरकायचं. शेवटी सगळी रांग आपोआप उंचीप्रमाणे लागली तेव्हा चौथीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा करायचा हट्ट धरला, यावेळी पटावरच्या नंबराने.

मुली कमी येतात. काय करावं?

पाचवीपर्यंत फरक दिसत नाही. सातवीपासून बॅचमध्ये आठात दोन मुली उरतात. आमच्याकडे तीन गोष्टींनी फरक पडला: वेळ अंधार पडायच्या आधीची ठेवली, दोन मैत्रिणी एकत्र आल्या तर दोघींना फीत सवलत दिली आणि शिकवायला बायका ठेवल्या. आईला एकदा वर्गात बसवलं की पुढच्या वर्षी ती धाकटीलाही आणते.

नोंदणी कोणती करायची? जीएसटी लागतो का?

पहिल्या वर्षी एकल मालकी, दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना किंवा नोंदणी आणि लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी पुरते. उद्यम सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात की १८ टक्के. शाळांना मिळणारी सूट खासगी वर्गांना नाही. केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी असेल तर एकल मालकी चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, असं त्यांत आहे. ५०पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांना त्या लागू होतात आणि खेळ, नृत्य, नाट्य व इतर सर्जनशील उपक्रम त्यांतून वगळले आहेत. तुमचा वर्ग कुठे बसतो ते वकिलाकडून लेखी घ्या आणि त्याच छताखाली गणित-विज्ञानाची शिकवणी सुरू करू नका.

मुलांची माहिती, फोटो, सुरक्षितता?

इथे हयगय नको. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे बालक. त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तोवर थांबायचं कारण नाही. आम्ही नाव, इयत्ता आणि पालकांचा नंबर, एवढंच घेतो. आधार क्रमांक घेत नाही. फोटो लावायचा तर प्रत्येक वेळी विचारतो.

शिक्षकांची पोलीस पडताळणी करा. खोलीचं दार उघडं किंवा काचेचं हवं, मूल आणि एकटी मोठी व्यक्ती अशी वेळ येता कामा नये, म्हणूनच प्रत्येक बॅचला दोन मोठी माणसं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे शिक्षकांना नेमणुकीच्या दिवशीच वाचून दाखवा.

ऑनलाइन वर्ग?

परगावच्या मुलांसाठी घेतो, चारच मुलांची बॅच. अमेरिकेत आणि दुबईत राहणाऱ्या मराठी घरांतून मागणी आहे. आजीशी बोलता यावं म्हणून मराठीतून कोडिंग, असं एका आईने मला स्पष्टच सांगितलं. दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही ऑनलाइन घेत नाही.

गुंतवणूकदार शोधावेत का?

आपला अभ्यासक्रम दुसरी व्यक्ती दुसऱ्या गावात तुमच्याशिवाय चालवू शकते, हे दोन ठिकाणी दिसल्यावर. त्याआधी आलेला पैसा जाहिरातीतच जातो. पैसे घालणाऱ्याला मुलांची संख्या महिन्यागणिक वाढायला हवी असते आणि चांगला शिक्षक घडायला सहा महिने लागतात. दोन्हींची गाठ कशी घालायची याचं उत्तर तयार ठेवा. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहावर लक्ष ठेवा. त्यातल्या विजेत्यांना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळाले आहेत. मला ही वाट जास्त भावते.

आता एआय कोड लिहून देतो. मग हे शिकवायचं कशाला?

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, त्यानंतर हा प्रश्न रोज येतो. नववीतला एक मुलगा घरून साठ ओळींचा नेटका प्रोग्रॅम घेऊन आला. मी फक्त म्हटलं, "चेंडूचा वेग निम्मा कर." तो वीस मिनिटं शोधत बसला. मग आम्ही दोघांनी ओळ न् ओळ मोठ्याने वाचली आणि चौथ्या ओळीवर तो स्वतःच थांबला. आता आमच्याकडे आठवीपुढच्या मुलांना एआय वापरायची परवानगी आहे, अट एकच: आणलेल्या कोडमध्ये आम्ही सांगू तो बदल समोर बसून करायचा. तिसरी ते सातवीला आम्ही वापरू देत नाही. आधी चूक शोधायची सवय लागली पाहिजे.

प्रमाणपत्र द्यायचं का?

पालक मागतात, म्हणून साधं देतो. पण वर्षातून दोनदा प्रदर्शन भरवतो. मूल मशीनशेजारी उभं राहतं आणि आलेल्या प्रत्येकाला आपला खेळ समजावतं. आजी-आजोबा, रिक्षावाले काका, शाळेतल्या बाई, सगळे येतात. पुढच्या सत्राचे बहुतेक प्रवेश त्याच संध्याकाळी होतात.

मूल रमत नसेल तर?

आठ तासिका बघतो. मग पालकांना बोलावून सांगतो की याला यात गोडी वाटत नाही, उरलेले पैसे घेऊन जा. हिशेब तिथेच करून पैसे त्याच दिवशी परत करतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक पाचवीतला मुलगा गेला, त्याला तबला शिकायचा होता. दिवाळीत त्याच्या वडिलांनी शेजारच्या दोन मुलींना आमच्याकडे आणून सोडलं.